चौदा नंबरची पेटी

शुक्रवारी सकाळी, शाळेची मुलं धक्क्यावर जमायच्या वेळेला, पडद्यावर दिगंबर मेथर या नावापुढे पिवळा दिवा लागला आणि रसिकाच्या हातातला चहा ओठापर्यंत पोचलाच नाही.

दिगंबर मेथर म्हणजे तिचे वडील. पाणजुव्यावर त्यांना सगळे तांडेल म्हणत. पाणजुवा हे खाडीतलं लहानसं बेट. सत्तर-बहात्तर घरं, एक देऊळ, एक चॅपल आणि मोजायला कंटाळा येईल इतके माड. शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडच्या काठाला. त्यामुळे बेटावरच्या पोराला बाराखडी येण्याआधी तांडेलांची होडी ठाऊक होई. एक्केचाळीस वर्षं त्यांनी मुलांना शाळेत नेऊन परत आणलं होतं. आधी वल्ह्यावर, मग डिझेलच्या इंजिनावर आणि खाडीत डिझेलला बंदी आल्यापासून बॅटरीवर.

बॅटऱ्या चार्ज करायची शेड महिला बचत गटाकडे होती आणि शेडची किल्ली रसिकाकडे. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती सहा वर्षांपूर्वी माहेरी आली, तेव्हा लोकांनी चार दिवस कुजबुज केली. शेड सुरू झाली आणि सगळ्यांना तिच्याकडे रोज यावंच लागलं, तशी कुजबुज थांबली. छपरावर सौर पत्रे, भिंतीला चार्जर, त्यातून निघालेल्या सोळा वायरी आणि वर एक पडदा. बॅटरीला बेटावर पेटी म्हणत. प्रत्येक पेटीच्या खोक्यावर मालकाचं नाव रंगवलेलं आणि आतल्या बॅटरीवर एक नंबर कोरलेला असे, चार्जर तो नंबरच वाचे आणि पडद्यावर त्या नंबराच्या मालकाचं नाव दाखवी. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे बिघाड येऊ घातलाय, लाल म्हणजे आला. पडद्यावर दसऱ्याची झेंडूची माळ अजून लटकत होती. सुकून तिचा पार चुरा झाला होता, पण काढायचं कुणाच्या जिवावर आलं नव्हतं.

पिवळ्या दिव्याला घाबरायला बेटावरचे लोक काही खुळे नव्हते. त्याचं कारण गेल्या आठ महिन्यांत घडलं होतं.

पहिला पिवळा बाबली गिरकराला. कुडाळहून साळसकर नावाचा इंजिनिअर आला, त्याने पेटी उघडून तपासली आणि म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे. नवव्या दिवशी बाबली जाळं ओढता ओढता होडीतच बसला तो उठलाच नाही. दुसरा पिवळा फिलोमिना फर्नांडिसला. होडीतून घरोघर मासे पोचवणारी दणकट बाई. तिचीही बॅटरी ठणठणीत. आठवड्याने तिची एक बाजू लुळी पडली. तिसरा पिवळा सत्यवान टिकमला लागला, तेव्हा त्याच्या आईने देवाला कौल लावला, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. सत्यवानाला काहीही झालं नाही. तो फक्त एका सकाळी कुणाला न सांगता गोव्याला नोकरीवर निघून गेला आणि त्याची होडी वाळूवर तशीच पडून राहिली.

या तिसऱ्या गोष्टीने रसिकाची झोप उडवली होती. मरण यंत्राला वासावरून कळतं असं बायका म्हणत, तेही तिने एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण माणूस गाव सोडणार हे बॅटरीला कसं कळावं?

तिने साळसकरला फोन लावून तेच विचारलं होतं.

"ताई, तुम्ही नारळ वाजवून बघता ना, आत पाणी किती आहे ते?" तो म्हणाला. "हा चार्जर तेच करतो. चार्ज करताना प्रवाहात बारीक बारीक लहरी सोडतो आणि बॅटरीकडून उत्तर कसं येतं ते ऐकतो. बॅटरी कशी वापरली गेली, त्याच्या खुणा आतल्या पत्र्यांवर राहतात. होडीचा वेग वाढवायची मूठ सावकाश पिळली तर थर सारखा बसतो, हिसके दिले तर उंचसखल. दिवसाला हजार वेळा तुमचा हात त्या मुठीवर फिरतो. तो सगळा हात बॅटरीत उतरतो म्हणा."

"पण बिघाड बॅटरीचा शोधायचा ना? माणसाचा कशाला?"

"त्याला माणूस माहीतच नाही. आम्ही त्याला एवढंच शिकवलं की जी बॅटरी चार दिवस चार्जरला आली नाही, ती बंद पडली असं समज. किनाऱ्यावरचे चार हजार चार्जर एकमेकांना सांगत असतात, कुठली आली, कुठली नाही आली. त्यावरून ते शिकले." त्याने घसा साफ केला. "बॅटरी बंद पडली तरी ती येत नाही, आणि माणूस पडला तरी येत नाही. त्याला दोन्ही सारखंच. कुठल्या हातातली बॅटरी परत येणार नाही, एवढंच त्याला कळायला लागलंय."

"मग ते बंद करा."

"बंद केलं तर खऱ्या बिघाडाच्या सूचनाही बंद होतील. मागच्या वर्षी दोन होड्या पेटल्या होत्या, आठवतं ना?"

आठवत होतं. म्हणून यंत्र चालूच राहिलं. आणि आता पिवळा तिच्या बापाच्या नावापुढे होता.

रसिकाने पहिलं काम केलं ते भीतीच्या भरात. भिंतीवरच्या कॅलेंडराचं मोठं पान फाडलं आणि पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर चिकटवलं. एकाच नावावर कागद लावला असता तर बापाने लगेच विचारलं असतं. विचारील त्याला सांगायचं की खालचे दिवे नादुरुस्त आहेत. मग तिने वडिलांचं नाव रंगवलेली पेटी उचलली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. हात सराईतपणे चालले, जणू ती वर्षानुवर्षं चोऱ्याच करत आली होती.

तांडेल आले ते नेहमीसारखे, डोक्याला टॉवेल आणि तोंडात पान.

"बाबा, तुमची पेटी मी कुडाळाक धाडलंय," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "चार-पाच दिवस लागतले."

"कित्याक? काल तर बरी चालली."

"आतून खराब झाली हा."

"मगे दुसरी दी."

"दुसरी नाय. लवूक सांगलंय मी. तो नेतलो पोरांका."

तांडेलांनी पान थुंकलं. मुलं होडीत चढायला लागली होती, त्यांच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"खरा सांग, बाय. पेटी खराब झाली की मी?"

"पेटी," रसिका म्हणाली.

लवू पराडकर शेजारचाच. चौतिशीचा, अंगापिंडाने रेड्यासारखा, मासेमारीत कुणाला हार न जाणारा. त्याच्यासारख्याला काय होणार? त्याच्या हाती मुलं सोपवली म्हणजे काळजी मिटली, असाच तिने विचार केला. लवूने आपली स्वतःची पेटी खांद्यावर टाकली, तांडेलांच्या होडीत बसवली आणि हसला.

"तांडेलांनू, तुमची होडी फुलासारखी सांभाळतंय. चार दिवस झोपा काढा."

झोपा कुठल्या? तांडेल धक्क्याच्या पायरीवर बसून राहिले. होडी जाताना बघत, येताना बघत. दुपारी जेवायला बोलावलं तर दोन घास खाऊन परत पायरीवर. रसिकाशी बोलणं त्यांनी बंदच केलं. एकदा तिने पाठीमागून पाहिलं, तर त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि होडी वळली की मूठही वळत होती, रिकाम्या हवेत. तिला भडभडून आलं. पण बाप रुसलेला परवडला, नसलेला नाही, असं तिने मनाला समजावलं आणि कपाटाची किल्ली कमरेला घट्ट खोचली.

सोमवार उजाडला. चौथा दिवस.

तिच्या डोक्यात एकच हिशेब घोळत होता. चार दिवस पेटी चार्जरला आली नाही तर यंत्र म्हणणार, बघा, मी बरोबर होतो. त्याला बरोबर ठरू द्यायचं नाही. दिवस पुरा व्हायच्या आत बापाची पेटी लावायची, म्हणजे ती परत आली अशी नोंद होईल आणि पिवळा दिवा खोटा पडेल. यात शास्त्र किती आणि नवस किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारी साडेतीनला, शेडमध्ये कुणी नसताना, तिने कपाट उघडलं आणि पेटीला वायर जोडली. हिरवा लागलाय का ते बघायला पडद्यावरचा कागद उचलला.

दिगंबर मेथर या ओळीत लाल दिवा होता. खाली बारीक अक्षरं होती: आज सकाळी सहा वाजता पूर्ण चार्ज. सध्या वापरात.

तिने ते दोनदा वाचलं. पेटी तिच्यासमोर होती. चार दिवस कुलपात होती. आज सकाळी ती चार्ज कशी होईल?

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. लवू पराडकर. हिरवा दिवा. चार्ज चालू. चौथ्या दिवशी परत आली.

शेडमध्ये ऊन होतं, माडांच्या झावळ्यांची सावली जमिनीवर हलत होती. तिने भराभर पेटीच्या खोक्याचे स्क्रू काढले. वरच्या खोक्यावर तिच्या हातचं ठळक अक्षर, दि. मेथर. आतल्या बॅटरीवर कोरलेला नंबर, पंधरा. पंधरा म्हणजे लवू. तिच्या बापाचा नंबर चौदा.

महिन्यापूर्वीची खंडेनवमी. हत्यारांची पूजा. बाकीचे विळे-कोयत्या पुजतात, पाणजुव्यावर पेट्याही पुजतात. खारं पाणी धुऊन निघावं म्हणून तिनेच सोळाही बॅटऱ्या खोक्यांतून बाहेर काढल्या होत्या, खोकी गोड्या पाण्याने धुतली होती, नावं नव्याने रंगवली होती, एकेकीला हळदकुंकू लावलं होतं. उन्हात ओळीने मांडलेल्या त्या बॅटऱ्या परत आत घालताना चौदा आणि पंधरा यांची अदलाबदल तिच्याच हातून झाली होती. दसऱ्यानंतर दोन्ही बॅटऱ्यांतल्या खुणा थोड्या बदलल्या असतील, यंत्राने नवा हात आठवडाभरात ओळखीचा करून घेतला असेल. चार आठवडे चौदा नंबर लवूच्या हातात होता. पिवळा दिवा बापाचा नव्हताच.

आणि भीतीपायी तिने त्याच हातात अकरा मुलं दिली होती.

ती धक्क्याकडे पळाली. तांडेल पायरीवर उभे राहिले होते, डोळ्यांवर हात धरून.

"बाबा..."

"गप," ते म्हणाले. "ता बघ. लवू वळणा नाय."

होडी मध्य खाडीत होती. शाळा लवकर सुटली होती. पाणजुव्यासाठी जिथे उजवीकडे वळायचं तो खांब मागे पडला होता आणि होडी सरळ चालली होती, पूर्ण वेगात, खाडीच्या मुखाकडे. तिथे वाळूची पट्टी होती आणि पट्टीपलीकडे फुटणाऱ्या लाटा. डिझेलची होडी असती तर आवाजावरून तरी कुणाला काही कळलं असतं. ही होडी निमूट चालली होती. मुलांचा आवाजही येत नव्हता. लवू मागे ताठ बसला होता, मुठीवर हात ठेवून, एखाद्या शहाण्या चालकासारखा.

"त्येचो हात बिघडलो हा, बाबा. पिवळो दिवो त्येचो होतो. मी समजलंय तुमचो."

तांडेलांनी तिच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्यांना चार दिवसांचं सगळं कळलं असावं. लवूची होडी धक्क्याला बांधलेली होती, रिकामी. "पेटी आण," एवढंच ते म्हणाले.

तिने उघड्या खोक्यातली ती बॅटरी दोन्ही हातांनी उचलून आणली. ती कशी उचलली हे नंतर तिला आठवलं नाही. तांडेलांनी ती बसवली, मूठ पिळली आणि होडी सुटली. ओहोटी लागली होती. पाणीही मुखाकडेच ओढत होतं. त्यांनी सरळ पाठलाग केला नाही. डाव्या काठाने, जिथे प्रवाह जास्त ओढतो तिथून ते गेले, आणि वाळूच्या पट्टीच्या जेमतेम दोनशे हात अलीकडे दोन्ही होड्या एकमेकींना लागल्या. धक्क्यावरून रसिकाला दिसलं की बाप चालत्या होडीतून दुसऱ्या होडीत गेला, सदुसष्टाव्या वर्षी, आणि लवूच्या शेजारी बसला. काही क्षण मुठीवर वाकून राहिला. मग होडी सावकाश वळली.

मुलांना काहीच झालं नव्हतं. त्यांना वाटलं होतं लवूकाका गंमत करतोय, समुद्र दाखवायला नेतोय. सातवीतली एक मुलगी तेवढी रडत होती. तिने लवूला हाक मारली होती आणि त्याने तिच्याकडे बघून मान हलवली होती, डोळे मात्र तिच्यावर नव्हते. तांडेलांना त्याची बोटं मुठीवरून एकेक करून सोडवावी लागली होती.

लवूच्या मेंदूत गाठ होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने प्राण सोडला.

रसिका त्याच्या घरी गेली ती सगळं सांगायलाच. लवूची बायको उमा ओटीवर बसली होती. रसिकाने पिवळा दिवा सांगितला, कागद सांगितला, कुलूप सांगितलं. उघड सांगितलं असतं तर चार माणसांनी पेट्या तपासल्या असत्या, अदलाबदल कळली असती, लवूला शुक्रवारीच दवाखान्यात नेता आलं असतं. हेही तिने सांगितलं.

उमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"महिनोभर त्येच्या हातातसून कप पडत होते," ती म्हणाली. "तीन फोडल्यान. मी हसायचंय. म्हणायचंय, मासो पकडतास तसो कप पकड."

चौदा नंबरची पेटी शेडमध्ये आली होती. रसिकाने सवयीने वायर हातात घेतली आणि साळसकरला फोन लावला.

"लावू ना?"

"लावा की. बॅटरी चांगली आहे." मग तो थांबला. "थांबा. लावलीत तर तो लाल दिवा खोडून टाकील. परत आली म्हणजे अंदाज चुकला."

"चुकला? लवू गेला, साळसकर."

"हो. पण बॅटरी आली ना. अशा हाताची बॅटरी परत येते, असं तो शिकणार. चार हजार चार्जर शिकणार. पुढच्या वेळी अशा हाताला तो हिरवा दाखवील."

"मग तुम्ही त्याला सांगा, माणूस गेला म्हणून."

"कुठे सांगू, ताई?" साळसकरचा आवाज खाली गेला. "त्यात माणूस असा रकानाच नाही."

रसिकाने वायर खाली ठेवली. सोमवारी या यंत्राला खोटं पाडायला ती धडपडली होती. आता तिने चौदा नंबर उचलला, फडताळावर ठेवला, त्यावर लवूच्या नावाचं खोकं पालथं घातलं आणि वाट बघितली. चौथ्या दिवशी पडद्यावर अक्षरं उमटली: चौदा परत आली नाही. नोंद झाली. त्या क्षणी तिला रडू आलं, कारण लवूच्या मरणाची कुठेतरी, कुणीतरी, खरी नोंद केली होती, मग ते यंत्र का असेना.

पडद्यावरचा कागद तिने फाडून टाकला होता. आता पडदा धक्क्याच्या बाजूला फिरवलेला असे. येणाराजाणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघे, मग खाडीकडे. तांडेलांना नवी बॅटरी मिळाली, नंबर सतरा, आणि ते पुन्हा मुलांना नेऊ लागले. सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. फक्त निघताना लोक जरा जास्तच मोठ्याने "येतंय" म्हणत, म्हणजे परत येतो. पूर्वी ते तोंडात बसलेलं होतं म्हणून म्हणत. आता पडद्याकडे तोंड करून म्हणत.

पंधरा दिवस गेले. बुधवारी सकाळी सतरा नंबरापुढे पिवळा लागला.

रसिकाने अदलाबदल तपासली. खोकं उघडलं, नंबर वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग ती बाहेर आली. तांडेल दोर सोडत होते आणि मुलं दप्तरं फेकत होती.

"बाबा," ती म्हणाली, "पिवळो लागलो हा. तुमका."

त्यांनी दोर हातातच धरला.

"पेटी की मी?"

"पेटी नाय, बाबा."

तांडेलांनी पडद्याकडे पाहिलं नाही. खाडीकडे पाहिलं, मुलं मोजली, एक, दोन, अकरापर्यंत.

"डाक्टराकडे दुपारी जावया," ते म्हणाले. "पोरांका उशीर जाता हा. ये, तू धर मूठ. मी फुडे बसतंय, वाट सांगूक."

ती मागे बसली. मूठ त्यांच्या हाताने इतकी गुळगुळीत झाली होती की तिचा हात तिच्यावर घसरला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा तांडेल आपल्याच होडीत उतारूसारखे पुढच्या फळीवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आणि रसिकाला ते दिसलं. उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलत होता, बारीक, सारखा, तांदूळ निवडावा तसा. तो हात तिने कायम मुठीवर आवळलेलाच पाहिला होता, म्हणून अंगठा कधी दिसला नव्हता.

धक्क्यावर कुणीही नव्हतं. शेडमध्ये पडदा तेवढा पेटलेला होता. तांडेल तिकडे वळले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "येतंव हां."

रसिकाने मूठ सावकाश पिळली, शक्य तितकी सावकाश.